तासगावच्या मांडवाखाली दोन बाटल्या : नाशिकची शेनिन ब्लाँ आणि अकलूजची सांजोव्हेझे

तासगाव तालुक्यात ‘बोर्डो’ म्हटले की कोणाच्या डोळ्यांसमोर वाइनची बाटली येत नाही. मोरचूद आणि चुन्याचे ते निळे मिश्रण येते, जे केवडा या बुरशीरोगाच्या भीतीने आम्ही पावसाळाभर वेलींवर मारीत असतो. फ्रान्समधील ज्या बोर्दो भागावरून हे नाव पडले, तेथे रस्त्याकडेच्या वेलींची द्राक्षे येणाऱ्या-जाणाऱ्यांनी तोडू नयेत म्हणून बागायतदार हे निळे पाणी शिंपीत, आणि नेमक्या त्याच वेली केवड्यातून वाचतात हे मिलार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने हेरले. १८८५ मध्ये त्याने आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. दमट हवा आणि भुरटे चोर या दोन अगदी स्थानिक अडचणींतून निघालेला तो तोडगा आमच्या फवारणी पंपापर्यंत येऊन पोहोचला. ज्या पेयासाठी तो निघाला, ते पेय मात्र आमच्या गावात अजून पाहुण्यासारखेच आहे.

मी वाइनचा जाणकार नाही, द्राक्षबागायतदार आहे. बागेतला माल निम्मा बाजारात जातो आणि उरलेल्याचा बेदाणा होतो. त्यामुळे पुढील परीक्षण चव सांगणारे असले तरी ते वेलीकडून पेल्याकडे येते, पेल्याकडून वेलीकडे जात नाही. सांगलीत विकत घेतलेल्या दोन बाटल्या मी गेल्या उन्हाळ्याच्या तोंडी घरी आणल्या : एक सुला या वाइनरीची शेनिन ब्लाँ, नाशिकची, पांढरी, दुसरी फ्रातेल्ली या वाइनरीची सांजोव्हेझे, सोलापूर जिल्ह्यातील अकलूजची, तांबडी. शेनिन ब्लाँ आणि सांजोव्हेझे ही द्राक्षांच्या जातींची नावे, त्यांच्यावरूनच वाइन ओळखली जाते. दोन्हींची किंमत हजार रुपयांच्या अलीकडे-पलीकडे होती. याच दोन निवडण्याचे कारण असे की नाशिकची थंडी आमच्याकडे नाही आणि अकलूजचा कोरडा उन्हाळा मात्र आमच्यासारखाच आहे, त्यामुळे दोन्ही पेले शेजारी ठेवले तर हवेचा फरक जिभेवर सापडेल, अशी माझी अटकळ होती.

त्याआधी दुकानाविषयी लिहिणे भाग आहे. याच शहरातील दुसऱ्या एका दुकानातून मागच्या वर्षी मी एक तांबडी वाइन घेतली होती. ती पश्चिमेकडच्या काचेच्या फडताळात, उभी, बहुधा कित्येक महिने ठेवलेली होती, आणि मार्च-एप्रिलमधील सांगलीचे दुपारचे ऊन त्या काचेवर सरळ येत असे. घरी उघडली तेव्हा बूच तोंडाच्या वर सरकलेले होते, रंग विटकरी झाला होता आणि वास शिजवलेल्या मनुकांसारखा येत होता. दुकानदाराने बदलून दिली नाही, “दारू कधी खराब होते का?” हा त्याचा प्रश्न होता. होते, आणि आमच्या हवेत फार लवकर होते. म्हणून या वेळी जेथे वाइनसाठी वेगळे थंड कपाट आहे अशा दुकानातून खरेदी केली आणि बाटल्या गाडीच्या डिकीत न ठेवता भिजवलेल्या गोणपाटात गुंडाळून मांडीवर आणल्या. हे वाचून कोणी हसेल, पण द्राक्षाचे क्रेट आम्ही भर दुपारी उन्हात ठेवत नाही, मग त्याच द्राक्षाच्या रसाला वेगळा न्याय का लावावा, हे मला कळत नाही.

सुलाच्या बाटलीला बूच नाही, फिरकीचे झाकण आहे. आमच्यातले काही जण त्याला स्वस्तपणाचे लक्षण मानतात. वास्तविक ऑस्ट्रेलियातील क्लेअर व्हॅलीच्या उत्पादकांनी २००० साली आपल्या चांगल्या पांढऱ्या वाइन एकत्रितपणे या झाकणात भरायला सुरुवात केली ती बुचामुळे येणारा कुबट वास टाळण्यासाठी. आपल्याकडे त्याला आणखी एक कारण आहे. बूच ओले राहावे म्हणून बाटली आडवी आणि थंड ठेवावी लागते, आणि ज्या राज्यात दुकानात ती उभी व गरम राहण्याचीच शक्यता अधिक, तेथे बुचाचा हट्ट धरण्यात काही शहाणपण नाही. झाकण फिरवले, करकर आवाज झाला, आणि पेल्यात फिकट पिवळी, किंचित हिरवट झाक असलेली वाइन उतरली. पहिला वास ओल्या पेरूचा, मागून अननसाचा. घोट घेतला तेव्हा सुरुवातीला हलका गोडवा लागला आणि तो पसरतो न पसरतो तोच आंबटपणाने त्याला आवरले. शेवटी जिभेच्या कडांना पाणी सुटले. मला आवडली. पण खरी परीक्षा माझे चुलते आप्पा यांची होती, ज्यांनी चाळीस वर्षे घड हातात घेऊन त्याचा दिवस ओळखला आहे. त्यांनी दोन घोट घेतले, पेला खाली ठेवला आणि म्हणाले, “आरं, ह्यो माल उशिरा तोडल्याला न्हाई. आंबट राखलाय मुद्दाम.”

एवढ्या एका वाक्यात महाराष्ट्राच्या वाइनचे निम्मे शास्त्र आले, म्हणून त्यावर थोडे थांबतो.

वाइनची जुनी प्रसिद्ध गावे बहुतेक ३० ते ५० अक्षांशांच्या पट्ट्यात आहेत. बोर्दो जवळजवळ ४५ अंशांवर आहे. नाशिक २० अंशांवर आणि आमची सांगली १७ अंशांच्या आसपास. तिकडे वेल हिवाळ्यात झोपते, वसंतात फुटते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, म्हणजे दिवस थंड होत जाताना, पिकते. आपल्याकडे वेलीला झोप नाही. तिला तशीच सोडली तर ती वाढतच राहते, पावसाळ्यात फुलोरा काढते आणि केवडा-करप्याच्या तोंडी जाते. म्हणून आम्ही तिला कात्रीने वेळापत्रक लावून देतो : एप्रिलमध्ये खरड छाटणी, जिच्यातून काडी तयार होते आणि कडक उन्हात काडीवरच्या डोळ्यांमध्ये, म्हणजे कोंबांमध्ये, सूक्ष्म घडनिर्मिती होते, आणि पावसाळा सरताना, ऑक्टोबरच्या आगेमागे, फळ छाटणी, जिच्यातून घड येतो. थंडी नसल्यामुळे डोळे एकसारखे फुटत नाहीत, म्हणून छाटलेल्या काडीवर डोळे फोडणाऱ्या हायड्रोजन सायनामाइड या रसायनाची पेस्ट लावावी लागते. दोन छाटण्या आणि एक पीक ही पद्धत इतकी आमच्या अंगवळणी पडली आहे की आम्हाला तिच्यात शोध वगैरे काही वाटत नाही. मात्र ब्राझीलच्या मिनास जेराइस प्रांतात, जेथे उन्हाळ्यात पाऊस आणि हिवाळा कोरडा असतो, तेथील वाइन उत्पादकांनी या शतकाच्या सुरुवातीपासून चांगली द्राक्षे मिळवण्यासाठी जी दुहेरी छाटणी रुजवली, ती तत्त्वतः याच जातीची युक्ती आहे.

या वेळापत्रकाचा परिणाम असा की आमचा घड उलट्या दिशेने पिकतो. मणी डिसेंबर-जानेवारीच्या गारव्यात वाढतो आणि साखर भरायच्या वेळी, फेब्रुवारीत, ऊन दररोज चढत जाते. साखर झपाट्याने वर जाते, आम्ल तितक्याच झपाट्याने खाली येते. बेदाण्याला हे उत्तम, कारण त्याला साखरच हवी असते. वाइनला हे घातक, कारण आम्ल गेलेली वाइन सपक लागते आणि टिकतही नाही. यावर उपाय तीन : रात्री थंड राहतील अशी जागा निवडणे, उन्हातही आम्ल न सोडणारी जात लावणे आणि तोडणीचा दिवस अलीकडे ओढणे. नाशिक-निफाडकडे पारा दहाच्या खाली गेल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात, सांगलीत ते क्वचित घडते. ही झाली जागा. शेनिन ब्लाँ मुळात फ्रान्समधील लुआर नदीच्या थंड खोऱ्यातली, तेथे तिचा आंबटपणा कमी कसा करावा ही चिंता असते, आणि नेमका तोच अवगुण उष्ण देशात गुण ठरतो. आज जगात तिची सर्वांत मोठी लागवड दक्षिण आफ्रिकेत आहे, ते उगीच नव्हे. ही झाली जात. आणि तिसरा उपाय आप्पांनी घोटातच ओळखला.

सुला उभी करणाऱ्या, कॅलिफोर्नियाहून परतलेल्या राजीव सामंत यांनी १९९७ मध्ये नाशिकजवळ वेली लावल्या आणि २००० साली पहिली वाइन बाजारात आणली, तेव्हा आरंभीच्या वाइनमध्ये शेनिन ब्लाँ होती. तोपर्यंत त्या भागातले बागायतदार आमच्यासारखेच थॉमसन सीडलेस ही बिनबियांची, खायची द्राक्षे पिकवीत होते. जात बदलणे हा अर्धा भाग झाला. उरलेला अर्धा पोलादाचा आणि विजेचा आहे. रस पंधरा अंशांच्या आसपास सावकाश आंबवला तरच तो पेरू-अननसाचा वास टिकतो, अन्यथा आमच्या हवेत टाकीतला रस स्वतःच्या उष्णतेने उकळायला लागल्यासारखा होतो आणि सगळा वास उडून जातो. म्हणून टाकीभोवती थंड पाणी खेळवणारी दुहेरी भिंत, पहाटेची तोडणी, आणि वीज गेली तर चालणारा जनरेटर. युरोपातल्या तळघराला जे काम निसर्ग फुकट करून देतो, ते येथे दर तासाला पैसे मोजून करावे लागते. भारतीय वाइन महाग का, असा प्रश्न मला अनेकदा विचारला जातो. करांचा भाग आहेच, पण या गारव्याच्या बिलाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

गोडव्याबद्दल एक शब्द. ही वाइन पूर्ण कोरडी, म्हणजे साखर न उरलेली, नाही, आणि जाणकार मंडळी त्यावरून नाक मुरडतात. मी ती प्रथम नुसती प्यालो, मग भडंगाबरोबर, मग कांदा-लसूण चटणी लावलेल्या भाकरीबरोबर. नुसती पिताना मलाही गोडवा कणभर अधिक वाटला. चटणीबरोबर तो गोडवा नाहीसा झाला आणि तिखटाची आग निवली. जेथील ताटात मिरची आहे तेथील वाइनमध्ये थोडी साखर राहू देणे हा बावळटपणा नव्हे, ती ताटाची मागणी आहे. भडंग आणि थंडगार शेनिन ब्लाँ ही जोडी तर मी कोणालाही बेधडक सुचवीन, फक्त भडंगात लसूण जास्त हवा.

दुसऱ्या बाटलीसाठी दोन दिवस थांबलो, कारण घरी मटण व्हायचे होते.

फ्रातेल्ली या इटालियन शब्दाचा अर्थ भाऊ. इटलीतील सेच्ची बंधू, दिल्लीचे सेखरी बंधू आणि अकलूजचे मोहिते-पाटील बंधू अशा तीन घरांनी मिळून ही वाइनरी उभी केली, आणि तिच्या वाइनला वळण लावले ते इटलीच्या तोस्काना प्रांतातून आलेल्या पिएरो मासी यांनी. सांजोव्हेझे ही तोस्कानाचीच जात. आटपाडी-माणचा माळ ज्याने पाहिला आहे त्याला अकलूजच्या आसपासची हवा वेगळी सांगावी लागत नाही : पाऊस कमी, ऊन भरपूर, जमीन पाण्याला आसुसलेली. अशा ठिकाणी इटलीची वेल का लावावी, हा प्रश्न मलाही पडला होता. त्याचे एक उत्तर सालीत आहे. सांजोव्हेझेची साल पातळ, आणि तिकडे ती पिकण्याच्या वेळी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, पाऊस आला तर घड कुजतो. अकलूजला ती फेब्रुवारी-मार्चमध्ये पिकते, जेव्हा सहसा आभाळात ढग नसतो. जी जोखीम तिच्या माहेरी दरवर्षी असते ती सासरी बऱ्याच अंशी टळते. बदल्यात फळ छाटणीनंतरचा परतीचा पाऊस आणि गारपीट या दोन नव्या जोखमी येतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपीट आमच्यापैकी कोणी विसरलेला नाही.

वाइनचा रंग माणकासारखा, पारदर्शक. दाट काळपट रंगाची अपेक्षा ठेवणाऱ्याला तो विरळ वाटेल, पण ही जातच तशी आहे. वास आंबट चेरीचा म्हणतात. चेरी आमच्या ओळखीची नाही, मला तो पिकत आलेल्या करवंदाचा वाटला, आणि मागे थोडी सुक्या मातीची धूळ. तोंडात आंबटपणा ठळक, आणि घोट गेल्यावर हिरड्यांना किंचित आवळणारा तुरटपणा. आप्पा म्हणाले, “ह्याला बी चावल्याची चव हाय.” तेही बरोबरच होते, कारण तांबडी वाइन सालीसकट आणि बियांसकट आंबते, आणि तुरटपणा तेथूनच येतो. आम्ही मात्र गेली कित्येक दशके बी नसलेलाच मणी पिकवीत आलो आहोत, त्यामुळे ही चव आमच्या घरात जवळजवळ परकी झाली आहे.

मटणाच्या तांबड्या रश्श्याबरोबर ती जमली नाही. मिरचीने तुरटपणा आणि दारूचा दाह दोन्ही वाढवले आणि दोघांचे भांडण झाले. पण त्याच मटणाचे सुके, कमी तिखटाचे, वर लिंबू पिळलेले तुकडे घेतले तेव्हा वाइन खुलली. मला या दोन बाटल्यांमध्ये सांजोव्हेझे अधिक आवडली, हे मी येथेच सांगून टाकतो. शेनिन ब्लाँ पहिल्या घोटात मैत्री करते. ही दुसऱ्या पेल्यापर्यंत वाट पाहायला लावते, आणि तिच्यात मला आमच्या बाजूच्या कोरड्या माळाची ओळख पटली.

एक सूचना लेबल वाचणाऱ्यांसाठी. तांबडी वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी असा जो सल्ला सर्वत्र दिला जातो, तो युरोपातील दगडी घरांच्या खोलीचा आहे. मार्चमध्ये आमच्या माडीवरची खोली पस्तीस अंशांना असते. त्या तापमानाला ही वाइन कोमट औषधासारखी लागली. अर्धा तास शीतकपाटात ठेवल्यावर तीच ताजी झाली.

आता जो प्रश्न आप्पांनी दोन्ही पेले संपल्यावर विचारला, तो : अकलूजला होते, मग आपल्याकडे का नाही? तसे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. राज्य सरकारने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले, करांत सवलती दिल्या, आणि नाशिक जिल्ह्यात विंचूर व सांगली जिल्ह्यात पलूस येथे वाइन पार्क उभे राहिले. आप्पांनीही तेव्हा एक एकर शिराझ, म्हणजे तांबड्या वाइनचे द्राक्ष, लावले होते. आम्हाला ज्यांनी दराचा करार दिला होता त्यांनी दोन हंगाम माल नेला, आणि २००८-०९ च्या मंदीत बाजार बसल्यावर तिसऱ्या हंगामाचा निम्मा पैसा दिलाच नाही. वेली तोडणे जिवावर आले म्हणून आप्पांनी त्यांच्यावरच थॉमसनची कलमे भरली. त्या बुंध्यांवर जोडाची गाठ आजही बोटाला लागते.

तरीही केवळ बुडालेल्या पैशांवर बोट ठेवणे मला पुरेसे वाटत नाही. आमच्या मातीत शोधक माणसे कमी नाहीत. फक्त हवेने त्यांना दुसरीकडे नेले. बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी थॉमसनच्या बागेतील एका वेगळ्या फांदीवर नजर ठेवून तास-ए-गणेश ही जात निवडली, तिच्या नावात तासगाव कायमचे बसले. ती नजर लांब, टपोऱ्या, पातळ सालीच्या मण्यासाठी तयार झालेली नजर आहे. वाइनला सहसा लहान मणी, जाड साल आणि एकरी चार-पाच टनांवर थांबलेला माल लागतो. दहा-बारा टनांची सवय असलेल्या बागायतदाराला घड मुद्दाम कमी ठेवा, मणी फुगवणाऱ्या संजीवकात बुडवू नका असे सांगणे म्हणजे त्याला आपली विद्या विसरायला सांगणे होय. मुळाखालचा खुंटही तसाच : खारे पाणी आणि दुष्काळ सोसतो म्हणून आम्ही डॉगरिज आणला, आणि तोच वेलीला इतका जोर देतो की वाइनच्या द्राक्षाला तो सहसा मानवत नाही.

शिवाय फेब्रुवारी ते एप्रिल या काळातील आमची कोरडी हवा, जी आम्ल जाळून वाइनचे नुकसान करते, तीच बेदाण्याला वरदान ठरते. पोटॅशियम कार्बोनेट आणि इथाइल ओलिएटच्या द्रावणात बुडवलेला घड शेडमधील जाळीवर सावलीत साधारण पंधरवड्यात वाळतो, गंधकाची धुरी घेतो आणि तासगावच्या सौद्यात उभा राहतो. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ज्या हंगामात दर पडतो त्या हंगामात बागायतदार माल शेडवर टाकतो आणि शीतगृहात ठेवून वाट पाहू शकतो. वाइनच्या द्राक्षाला एकच गिऱ्हाईक असते आणि त्याच्या दारात उभे राहण्यावाचून दुसरा रस्ता नसतो. हे सगळे मी आप्पांना सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, “ती सुलावाली किलोला किती देत्यात?”

खरेदी करणाऱ्यांसाठी थोडे : शेनिन ब्लाँ घ्यायची तर लेबलावरचे साल पाहून एक-दोन वर्षांच्या आतलीच घ्यावी, ती साठवण्याची वाइन नाही. सांजोव्हेझेला थोडा अधिक धीर आहे, पण आमच्या घरांत धीर धरण्याजोगा गारवा नाही, तेव्हा तीही त्याच हंगामात संपवावी. दोन्ही शक्यतो दिवाळी ते संक्रांत या काळात विकत घ्याव्यात, म्हणजे वाटेत आणि दुकानात त्या कमी तापलेल्या असतात. उघडलेली शेनिन ब्लाँ मी झाकण घट्ट फिरवून शीतकपाटात ठेवली होती आणि चौथ्या दिवशी पुन्हा चाखली : पेरू गेला होता, अननस थोडा उरला होता, आंबटपणा मात्र जागच्या जागी होता.